एल पासोतलं सुतक

एल पासोला आम्ही थांबणारच नव्हतो. नवऱ्याच्या बेतात ते शहर फक्त पेट्रोल भरण्यापुरतं होतं. पण सकाळीच वारा सुटला, आणि वारा म्हणजे काही झाडं हलवणारा वारा नव्हे, तर सगळं वाळवंट उचलून रस्त्यावर आणून टाकणारा. पुढच्या ट्रकचे दिवे दिसेनासे झाले. आमची गाडी उंच, डब्यासारखी. ती एका अंगाला कलायला लागली तशी मागे बसलेल्या सासूबाई मोठ्याने रामरक्षा म्हणायला लागल्या. उंच गाड्यांनी पुढे जाऊ नये, अशी पाटी महामार्गावर चमकत होती. नवरा म्हणाला, अजून थोडं जाऊन बघू. मी म्हटलं, तुला जायचं तर जा, आम्हाला इथे उतरव. तेव्हा कुठे त्याने गाडी वळवली.

आम्ही तेव्हा लंडनजवळच्या स्लाऊला राहायचो. नवरा पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेला, मी ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका गोदामाच्या ऑफिसात, मुलगी प्रायमरी शाळेत. सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. इंग्लंडमध्ये ज्याला मोटरहोम म्हणतात आणि अमेरिकेत आरव्ही, त्या चाकांवरच्या घराचं खूळ नवऱ्याच्या डोक्यात आदल्या उन्हाळ्यात वेल्समध्ये शिरलं. तिथे आठवडाभर पावसात आम्ही चौकोनी टपरीत बसून पत्ते खेळलो, आणि याला वाटलं, हेच सुख आणखी मोठ्या देशात घ्यावं. इस्टरच्या सुट्टीत अमेरिकेचं वाळवंट बघायचं ठरलं. शिवाय कारणही तयार होतं: आई बाहेरचं खात नाहीत, आरव्हीत स्वयंपाकघर असतं. म्हणजे सुट्टीवर जाऊनही कुकर मीच लावणार, हे ओघानेच आलं. कुकर आम्ही स्लाऊहून नेला होता. डाळ-तांदूळही नेणार होतो, पण कस्टमची भीती वाटली.

आरव्ही पार्क म्हणजे खडी पसरलेलं मैदान. एका बाजूला महामार्ग, दुसऱ्या बाजूला मालगाड्यांचे रूळ. रुळांपलीकडे कुंपण, कुंपणापलीकडे सिमेंटच्या नाल्यात घातलेली नदी, आणि तिच्या पलीकडे मेक्सिको. दुपारी धूळ जरा बसली तेव्हा समोरच्या टेकडीवरची घरं स्पष्ट दिसायला लागली. सिमेंटच्या विटांची, काही बिनरंगाची, काही निळी. एका गच्चीवर एक बाई वाऱ्यात उडणारे कपडे धरून धरून काढत होती. कुंपणाच्या अलीकडून सीमा पोलिसांची पांढरी गाडी सावकाश जायची, थोड्या वेळाने सावकाश परत यायची. सासूबाईंनी विचारलं, तिकडे जाता येतं का? नवरा म्हणाला, जाता येतं, पण परत येताना प्रश्न विचारतात, आपला पासपोर्ट भारताचा, राहणं इंग्लंडचं, उगाच कशाला? त्या म्हणाल्या, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ आहे. मग टेबलाशी बसून त्यांनी विणकाम हातात घेतलं.

ते विणकाम त्यांच्या भावाचं होतं, आणि त्यामागची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

सासूबाईंचं माहेर नागपूरचं. त्यांना एकच धाकटा भाऊ. माझे सासरे गेले तेव्हा सासूबाई नागपूरला एका लग्नाला गेल्या होत्या. सासरे पुण्यात घरातच, चहा पिता पिता गेले. बातमी भावाच्या घरी पोहोचली. आपल्याकडे अशी बातमी कुणी सरळ सांगत नाही. माणूस 'सीरियस' असतो, दवाखान्यात असतो, तुमची आठवण काढत असतो. भावाने जीप ठरवली आणि बहिणीला घेऊन रातोरात निघाला. वाटेत एका एसटीडी बूथवर थांबला. ती जीपमधून काचेआड बघत होती: हा फोन कानाला लावून बोलतोय, मान हलवतोय, मध्येच हसतोयसुद्धा. बाहेर आला आणि म्हणाला, "ताई, धोका टळला. भाऊजींनी चहा मागितला." सकाळी नगरच्या अलीकडे त्याने तिला एका हॉटेलात बसवलं. अगं, दवाखान्यात उभं राहायचंय, पोटात काही नको का, असं म्हणत बशीभर पोहे खायला लावले. वर आणखी अर्धी बशी मागवली. तिनेही खाल्ले, कारण धोका टळला होता. घरी पोहोचल्या तर अंगणात माणसं उभी होती आणि कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

त्या फोनवर त्याने नंबरच फिरवला नव्हता, हे नंतर कधीतरी त्यानेच सांगितलं. त्याला वाटलं होतं, बहिणीला बरं वाटेल की आपण तिच्यासाठी किती केलं. सासूबाई मला एवढंच म्हणायच्या, "मी लिंबू पिळून पोहे खात होते, आणि हे घरात बर्फावर होते." तेव्हापासून आमच्याकडे पोहे झाले की त्यांच्यासाठी उपमा. भावाशी बोलणं तुटलं नाही, पण पातळ झालं. भाऊबीजेला फोन व्हायचा, त्यात हवापाणी असायचं.

भाऊ वाईट नव्हता हो. सगळेच असं करतात, मीही केलं असतं. पण जिला पोहे गिळावे लागले तिला हे कोण सांगणार?

मग त्या हिवाळ्यात त्याचा स्लाऊला फोन आला. खोकत होता. म्हणाला, ताई, एकदा येऊन राहा, आपले किती दिवस राहिलेत? सासूबाई "बघू" म्हणाल्या आणि दुसऱ्याच दिवशी स्लाऊच्या बाजारातून मरून रंगाची लोकर घेऊन आल्या. बिनबाह्यांचा स्वेटर. ॲरिझोना, न्यू मेक्सिको सगळं त्यांनी सुयांवरून पाहिलं. ग्रँड कॅनियनच्या काठावर नवरा त्यांना म्हणाला, "आई, वर बघ तरी." त्या म्हणाल्या, एवढी ओळ होऊ दे. एकदा मी डाळ धूत असताना आपणहून म्हणाल्या, इंग्लंडहून परत जाईन ती सरळ नागपूरला. त्याच्या हातात हे देईन आणि सांगेन की बाबा, रागावले होते, आता नाही. सासरे गेल्यानंतरच्या आठ वर्षांत मी त्यांच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी नळ बंद करायला विसरले, आणि टाकीतलं पाणी संपल्यावर नवऱ्याची बोलणी खाल्ली.

एल पासोला दुपारी चारच्या सुमारास नवऱ्याचा मोबाइल वाजला. नागपूरहून मामेभाऊ, म्हणजे त्या भावाचा मुलगा. फोन मी उचलला होता. तो म्हणाला, "वहिनी, दादाला द्या जरा." मग थांबून म्हणाला, "आत्याचं जेवण झालं?" मी हो म्हटलं आणि नवऱ्याला फोन दिला. नवरा दार उघडून खडीवर गेला. सासूबाईंच्या सुया थांबल्या होत्या.

तो आत आला आणि त्याने जसंच्या तसं सांगितलं: मामाला दोन दिवसांपूर्वी न्यूमोनिया झाला, आयसीयूत आहे, ऑक्सिजनवर आहे, पण शुद्धीत आहे आणि 'ताईला फोन लाव' म्हणतो आहे. नागपुरात सकाळी भेटायची वेळ असते, तेव्हा मुलगा त्याच्या कानाला फोन लावणार आहे. आपल्याकडे तेव्हा रात्रीची जेवणं होत असतील.

सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिकडे आता किती वाजलेत?"

नवऱ्याने हिशेब केला. पहाटेचे साडेतीन.

"पहाटे साडेतीनला फोन. तोही पोराचा. मला न देता तुला मागितला. आणि माझं जेवण झालं का विचारलं." त्या एक एक करून सांगत होत्या, भाजीवालीचा हिशेब तपासावा तशा. "अरे, मला काय सांगतोस? मी हे सगळं जन्मभर केलंय."

नवरा म्हणाला, "आई, तो रात्रीचा हॉस्पिटलमध्येच बसलाय. आपल्याकडे दिवस असेल म्हणून त्याने मुद्दाम आत्ता केला. इट मेक्स सेन्स."

"सेन्स तर असतोच," त्या म्हणाल्या. "माझ्या वेळीसुद्धा सगळ्याला सेन्स होता."

माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती, स्लाऊचं बोलणं बोलणारी. ती वरच्या बंकवरून वाकून म्हणाली, "पण आजी, काकानी सांगितली ना, ही इज अलाइव्ह. व्हाय वुड ही लाय?" मेलेल्या माणसाला आम्ही प्रेमापोटी थोडा वेळ जिवंत ठेवतो, हे त्या मुलीला कुठल्या भाषेत सांगायचं?

सासूबाई उठल्या, टॉवेल घेतला आणि पार्कच्या स्नानगृहाकडे निघाल्या. मी मागोमाग गेले. बाहेर वारा अजून होता, डोळ्यांत बारीक वाळू जात होती. त्या न्हाणीघरात एक रुपेरी केसांची अमेरिकन बाई दात घासत होती. तिने हसून हवेबद्दल काहीतरी म्हटलं. सासूबाई साडीनिशी शॉवरखाली उभ्या राहिल्या आणि डोक्यावरून पाणी घेतलं. ती बाई ब्रश तोंडात तसाच धरून बघत राहिली. मी तिला म्हटलं, इट्स अ कस्टम. आणखी काय सांगणार होते मी? पाण्याबरोबर त्यांच्या केसांतून पिवळसर धूळ निघून जाळीत जात होती.

खरं सांगायचं तर, परत येईपर्यंत मीही मामाला मेलेला धरून चालले होते. दोन्ही गोष्टी सारख्याच दिसत होत्या. माणूस खरंच आयसीयूत असता, तरी फोन असाच आला असता. आणि गेला असता, तरी असाच आला असता. मला राग येत होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. जन्मभर सगळ्यांनी मिळून सांभाळलेल्या या चालीचा, बहुतेक.

नवऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की गाडी इथेच सोडू, इथून विमानाने लंडन आणि तिथून नागपूर. त्याने ते आईलाही विचारलं. त्या ओल्या केसांनी टेबलाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, कशाला, राख बघायला? माझ्यासाठी तिघं धावपळ करू नका, सुट्टी आहे पोरीची. हे इतकं साध्या आवाजात म्हणाल्या की नवऱ्याने विमानाचा विषय सोडून दिला.

मग त्यांनी विणकाम उचललं. मला वाटलं, मन रमवायला विणणार. पण त्यांनी सुई काढून घेतली आणि एक टोक धरून ओढलं. मी हात धरला. म्हटलं, आई, निदान सकाळपर्यंत थांबा. त्या म्हणाल्या, "गेलेल्या माणसासाठी विणू नये." पाठ पूर्ण झाली होती, पुढची बाजू गळ्यापर्यंत आली होती. सगळं उसवायला वेळ लागला नाही. मुलीला समोर बसवून तिच्या दोन हातांवर त्यांनी लोकर गुंडाळली. ती बिचारी हात लांब करून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

अंधार पडला तशी समोरची टेकडी दिव्यांनी भरून गेली. अलीकडे एल पासोचे दिवे, पलीकडे मेक्सिकोचे, मधली नदी दिसेनाशी झाली. ठरलेल्या वेळी नवरा कपडे धुण्याच्या खोलीजवळच्या सार्वजनिक फोनकडे निघाला. मोबाइलची बॅटरी आणि रेंज दोन्ही बेभरवशाची, म्हणून त्याने कॉलिंग कार्ड आणलं होतं. जाताना आईपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "आई, चल ना. नुसतं कानाला लाव. खोटं वाटलं तर ठेवून दे."

"तिकडे कुणालातरी उभं करतील," सासूबाई म्हणाल्या. "नळी लावल्यासारखा आवाज काढायला सांगतील. 'हं ताई' म्हणायला सांगतील. आणि मी मूर्खासारखी त्याच्याशी बोलेन. एकदा मी काचेतून बघितलंय, मला पुन्हा नको."

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. इथे ताक ओतूनच टाकलं होतं. नवरा एकटाच गेला. खिडकीतून मला तो दिसत होता, पिवळ्या दिव्याखाली, एक कान हाताने झाकलेला. मागून मालगाडी गेली तेव्हा त्याने डोकं जवळजवळ फोनच्या खोक्यात घातलं. बराच वेळ तो नुसता ऐकत होता. सासूबाई खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या, पण त्यांचं सगळं लक्ष मागेच होतं.

तो आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. ती वाळूही असू शकत होती. म्हणाला, "आई, मी ऐकलं. मशिनचा आवाज होता. मामा 'ताई' म्हणाला. दोनदा म्हणाला. मी सांगितलं की मी बोलतोय, तर गप्प झाला. मग मालगाडी आली आणि लाइन गेली."

सासूबाईंनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, कौतुकही असेल थोडं.

"तूही शिकलास," त्या म्हणाल्या.

नवरा गाडीच्या दाराच्या पायरीवर बसला आणि रडायला लागला. आता झालं असं की, त्याच्या रडण्याने तर सगळंच पक्कं झालं. मामा जिवंत असता तर हा रडला कशाला असता? मीसुद्धा त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि मला ठरवता येत नव्हतं. पंधरा वर्षं संसार केलेला माणूस, पण तो खरं बोलतोय की आईसाठी बोलतोय, हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. आभाळ निळं लख्ख, जसं काही झालंच नाही. पश्चिमेला निघाल्यावर थोड्या अंतरावर महामार्गावरच चौकी आहे. तिथे सगळ्या गाड्या थांबवून कोण परदेशी आहे ते बघतात. एक तरुण अधिकारी गाडीत चढला. पासपोर्ट बघितले. मग सासूबाईंकडे वळून त्याने नवऱ्याला विचारलं, इज शी ऑल राइट? नवरा म्हणाला, येस, शी इज फाइन, जस्ट टायर्ड. अधिकारी उतरला. सासूबाई एवढ्या वेळात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या, कारण बघ, हेही असंच, असं त्यांना म्हणायचं होतं.

पुढचे दिवस वाळवंटात गेले. फोनला रेंज नाही. कुठल्या पेट्रोल पंपावरून नवरा फोन करायचा आणि परत येऊन स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणायचा, आज झोपेचं औषध दिलंय. आज व्हेंटिलेटर लावला. त्याने बातमी सांगायचं सोडलं नाही, हे मी त्याचं मोठेपण समजते. सासूबाई "बरं" म्हणायच्या. त्यांनी आमच्याकडच्या रीतीने तीन दिवस सुतक पाळलं. देवाचं नाव घेतलं नाही, गोड खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी एका धुळकट गावात पुन्हा डोक्यावरून नाहून मोकळ्या झाल्या. भाऊ त्या वेळी जिवंत होता.

लॉस एंजेलिसला गाडी परत केली, विमानात बसलो, स्लाऊला आलो. घर थंडगार पडलं होतं. बॅगा अजून पॅसेजमध्येच होत्या आणि मी बॉयलर चालू करायला गेले होते, तेवढ्यात फोन वाजला. या वेळी मामेभावाने कुणाचं जेवण झालं का ते विचारलं नाही. तो रडत होता. नवऱ्याने आईसमोर जमिनीवर बसून सांगितलं, "आई, मामा गेला. आज पहाटे."

त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे रे." आणि चहा टाकायला उठल्या. मी विचारलं, आंघोळीचं पाणी काढू का? तर म्हणाल्या, माझं करून झालंय. मामा खरोखरच गेला त्या दिवशी त्याच्या बहिणीने त्याच्या नावाने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तिला वाटत होतं की आता कुठे यांना खरं सांगायचा धीर झाला.

तेराव्या दिवसानंतर मी नागपूरला फोन केला. रीत म्हणून केला होता. मामेभाऊ एकटा होता, त्याला बोलायचं होतं. म्हणाला, वहिनी, आत्या का नाही बोलली? मी काय ते सांगितलं.

मग तो म्हणाला, "बाबा रोज विचारून राहिले होते. ताईचा फोन आला का? आम्ही सांगायचो, आला होता, तुम्ही झोपलेले होता. नाहीतर, आत्या बरी आहे, प्रवासात आहे, लाइन लागत नाही. मग शेवटी शेवटी विचारणंच बंद केलं. व्हेंटिलेटर लावायच्या आधी माझा हात धरला आणि म्हणाले, 'लपवू नका रे. ताई गेली ना?' मी म्हटलं, नाही बाबा, शप्पथ. तर माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, 'मीही असंच सांगितलं होतं तिला.'"

फोन ठेवून मी तशीच पॅसेजमध्ये उभी राहिले. बाहेर शेजाऱ्याचं कौन्सिलचं डस्टबिन कुणीतरी ओढत नेत होतं. माझ्यापुढे एकच प्रश्न होता, हे सासूबाईंना सांगायचं की नाही. चालीप्रमाणे अर्थातच नाही. चालीप्रमाणे मी सांगायचं, शांतपणे गेले, तुमचं नाव घेत होते. आणि ते खोटंही नव्हतं. पण मला त्या चालीचा इतका संताप आला होता की मी सरळ त्यांच्या खोलीत गेले. त्या खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर मरून लोकरीचा गुंडा होता, त्याचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. मामा त्या दिवशी जिवंत होता, नंतरही जिवंत होता. तुमच्या मुलाने फोनवर ऐकलं ते खरं होतं. मामा वाट बघत होता. हे सगळं ऐकताना त्या मान हलवत होत्या, लहान मुलाचं ऐकावं तशा, आणि मला दिसत होतं की यातलं काहीही आत जात नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "तू चांगली आहेस. मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

तेव्हा मी शेवटचंही सांगितलं. त्याला वाटलं, तुम्ही गेलात. सगळे तुमचा मृत्यू आपल्यापासून लपवताहेत असं समजून तो गेला.

त्यांचा हात माझ्या पाठीवर थांबला. मग म्हणाल्या, "म्हणजे खरंच जिवंत होता."

मी म्हटलं, हो आई.

"हे खरं असणार," त्या म्हणाल्या. "बरं वाटावं म्हणून असं कुणी सांगत नाही."